ब्रेकर कधी पडावा?

घरात गिझर, इस्त्री आणि पाण्याची मोटर एकाच वेळी चालू केली, की कधी कधी 'खट्ट' असा आवाज होतो आणि सगळे बंद पडते. मग कोणीतरी मीटरपाशी जाऊन एमसीबीची खाली पडलेली कळ वर करते आणि कुरकुरत परत येते. आपण त्या कळीवर वैतागतो, पण ती पडली नसती तर भिंतीतली तार तापून तिच्यावरचे आवरण वितळले असते, हे आपल्या ध्यानात येत नाही.

घरची एमसीबी १६ किंवा ३२ अँपिअरची असते. कारखान्याच्या मुख्य पॅनेलमधला ब्रेकर १,६०० किंवा ३,२०० अँपिअरचा असतो. तो आकाराने लहानशा कपाटाएवढा असतो आणि त्याच्या दर्शनी भागावर एक छोटी पेटी बसवलेली असते. तिच्यावर चार-सहा गोल डायल, दोन-तीन दिवे आणि एखादा छोटा पडदा दिसतो. ही पेटी म्हणजे इलेक्ट्रॉनिक ट्रिप युनिट. ब्रेकर हा पहिलवान असला, तर 'आता सोड' हे त्याला सांगणारा मेंदू म्हणजे ही पेटी होय. तिच्या डायलवरचे आकडे कसे लावायचे, यात मुख्यतः भौतिकशास्त्रच आहे आणि तेही बरेचसे तुमच्या दहावीच्या पुस्तकातले.

२०१८ सालच्या डिसेंबरात मी आमच्या महाविद्यालयाच्या मुलांना घेऊन एक सूतगिरणी पाहायला गेलो होतो. आम्ही रिंग फ्रेमच्या खात्यात उभे असताना एकाएकी सगळे दिवे गेले. हजारो चात्या फिरत असल्याचा तो घोंघाट हळूहळू उतरत गेला आणि शेवटी नुसती कुजबुज उरली. चात्या अशा अवेळी थांबल्या की सुतात पीळ पडतो, धागे तुटतात आणि मग कामगार बायकांना एकेक धागा हाताने सांधत बसावे लागते. त्या दिवशी दोन तास त्यांचे तेच काम चालले होते.

कारण शोधल्यावर कळले, की हवेत ओलावा राखणाऱ्या पंख्यांपैकी एका पंख्याच्या मोटरच्या तारेत शॉर्ट सर्किट झाले होते. त्या पंख्यांच्या वाहिनीला स्वतःचा ४०० अँपिअरचा ब्रेकर होता आणि तो पडलाही होता. पण त्याच क्षणी १,६०० अँपिअरचा मुख्य ब्रेकरही पडला. एका पंख्यापायी सारी गिरणी बंद पडली! तिथला जुना वायरमन म्हणाला, "साहेब, सगळ्या खुणा कमालवर नेऊन ठेवतो. परत कटकट नाही." गिरणीचे इंजिनिअर पुढे आले आणि म्हणाले, "थांबा मामा, त्याला हात लावू नका."

त्यांनी का थांबवले, हे समजायला आधी पेटीच्या आत काय चालते ते पाहू.

जुन्या ब्रेकरमध्ये द्विधातू पट्टी असते. दोन धातू तापल्यावर कमीजास्त प्रसरण पावतात, त्यामुळे पट्टी वाकते आणि खटका सोडते. सोबत एक विद्युत् चुंबक असतो. शॉर्ट सर्किटचा प्रचंड प्रवाह आला, की तो खटका तत्काळ ओढतो. घरच्या एमसीबीत आजही हीच योजना आहे. जर्मनीत हुगो स्टॉट्झ यांनी १९२४ साली तिचे पेटंट घेतले होते. योजना साधी आणि भरवशाची आहे, पण पट्टीला भोवतालच्या उन्हाळ्याचीही झळ लागते आणि तिची वागणूक हवी तशी बदलता येत नाही. १९७० च्या दशकात अर्धवाहकांचे मंडल वापरणारी ट्रिप युनिटे कारखान्यांत येऊ लागली आणि पुढे त्यांत मायक्रोप्रोसेसर आला.

पहिला प्रश्न प्रवाह मोजण्याचा. १,६०० अँपिअरचा प्रवाह पेटीत आणणे शक्यच नाही. म्हणून प्रत्येक फेजच्या तांब्याच्या पट्टीभोवती एक कडे बसवतात. पट्टीतला प्रत्यावर्ती प्रवाह बदलता राहतो, त्यामुळे भोवतीचे चुंबकीय क्षेत्र बदलते आणि कड्यावरच्या वेटोळ्यांत छोटा प्रवाह उत्पन्न होतो. हे फॅरडेचे प्रवर्तन तुम्ही शिकलाच आहात. कड्याचा गाभा लोखंडी असेल, तर फार मोठ्या प्रवाहाला लोखंड चुंबकीय दृष्ट्या 'संपृक्त' होते. पाण्याने भरलेला स्पंज जसा आणखी पाणी घेत नाही, तसेच हे. नेमक्या संकटाच्या वेळी मापन चुकू नये म्हणून हल्ली बहुतेक ठिकाणी लोखंडाविना गुंडाळलेले वेटोळे वापरतात. वॉल्टर रोगोव्स्की आणि त्यांचे सहकारी स्टाइनहाउस यांनी १९१२ साली त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला रोगोव्स्की वेटोळे म्हणतात. ते प्रवाह दाखवत नाही, प्रवाह बदलण्याचा वेग दाखवते. त्यावरून मूळ प्रवाह काढण्याचे काम, म्हणजे संकलन, पेटी करते. लोखंडी गाभ्याचे कडे तरीही सोबत असतेच, कारण पेटीला लागणारी वीज त्यातून मिळते. बाहेरची वीज गेली तरी पेटी आंधळी होऊ नये, म्हणून ही योजना.

पेटी प्रत्येक आवर्तनात प्रवाहाची अनेकदा नोंद घेते, प्रत्येक नोंदीचा वर्ग करते, सरासरी घेते आणि वर्गमूळ काढते. एवढा खटाटोप कशाला? कारण तार तापते ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात, हा जूलचा नियम आहे. सुरुवातीची काही युनिटे नुसते तरंगाचे शिखर मोजत. आजच्या यंत्रांमुळे प्रवाहाचा तरंग वेडावाकडा होतो. शिखर उंच असते पण उष्णता तेवढी नसते, त्यामुळे ती युनिटे उगाच पडत. (बिचाऱ्या द्विधातू पट्टीला हे गणित करावे लागत नसे. ती स्वतःच तापत होती!)

आता डायलकडे वळू. पहिले दोन डायल दीर्घकालीन संरक्षणाचे. आमच्या गिरणीचे रोहित्र १,००० केव्हीएचे होते आणि दुय्यम बाजूचा दाब ४३३ व्होल्ट. १०,००,००० ला १.७३२ × ४३३ ने भागा. सुमारे १,३३३ अँपिअर येतात. रोहित्राने कायम वाहायचा हा जास्तीत जास्त प्रवाह. म्हणून १,६०० च्या ब्रेकरवर पहिला डायल ०.८ वर ठेवला, की मर्यादा १,२८० अँपिअर होते. दुसरा डायल काळाचा. बऱ्याच युनिटांवर हा काळ मर्यादेच्या सहापट प्रवाहासाठी दिलेला असतो. समजा तो ८ सेकंद आहे. उष्णता प्रवाहाचा वर्ग गुणिले काळ यावर ठरते, म्हणून ६ × ६ × ८ = २८८ हा आकडा स्थिर धरा. तिप्पट प्रवाहाला किती वेळ? २८८ भागिले ९, म्हणजे ३२ सेकंद. दुप्पट प्रवाहाला ७२ सेकंद, दीडपटीला १२८ सेकंद. मोटर सुरू होताना काही सेकंद आपल्या नेहमीच्या प्रवाहाच्या सहापट प्रवाह घेते. हा वेळ तिला मिळायलाच हवा. दोन्ही अक्षांवर लॉगॅरिथम घेऊन हा आलेख काढा. उणे २ चढाची सरळ रेषा मिळेल. ब्रेकरच्या माहितीपुस्तकातल्या आलेखातही हीच रेषा तुम्हाला दिसेल.

या भागात एक गंमत आहे. जास्त भाराने पडलेला ब्रेकर लगेच पुन्हा चालू केला, तर तो पहिल्यापेक्षा लवकर पडतो. लोक म्हणतात युनिट बिघडले. तसे नसते. तार अजून गरमच असते आणि पेटी ती उष्णता लक्षात ठेवते. थोडा वेळ जाऊ दिला, की तिची आठवण तारेबरोबरच निवते.

त्यापुढचे डायल अल्पकालीन संरक्षणाचे. प्रवाह इतका वाढला की तो नुसता जादा भार नाही, कुठेतरी दोष आहे हे उघड होते. तरीही पेटी मुद्दाम ०.१, ०.२ किंवा ०.४ सेकंद थांबते. कशासाठी? खालच्या ब्रेकरला आपले काम करू देण्यासाठी. दोष ज्याच्या हद्दीत, त्यानेच आधी पडावे. त्याने पाडले नाही तरच वरच्याने पडावे. त्यानंतरचा डायल तात्काळ संरक्षणाचा. या मर्यादेपलीकडे कसलीही वाट पाहायची नाही.

पेटीने निर्णय घेतल्यावर तो अमलात कसा येतो, हीही एक सुंदर युक्ती आहे. एका दट्ट्याला ताणलेली स्प्रिंग बाहेर ढकलत असते आणि कायम चुंबकाने तो धरून ठेवलेला असतो. पेटी छोट्या वेटोळ्यात क्षणभर असा प्रवाह सोडते, की चुंबकाचे बल तेवढ्यापुरते रद्द होते. दट्ट्या सुटतो, खटक्यावर आदळतो आणि ब्रेकरच्या मोठ्या स्प्रिंगा संपर्क फाकवतात. संपर्क फाकले तरी हवेतून विद्युत् प्रज्योत चालूच राहते. तिला धातूच्या पातळ पट्ट्यांच्या कप्प्यात ढकलून तिचे तुकडे करतात, थंड करतात. ५० हर्ट्झला प्रवाह सेकंदात १०० वेळा शून्यावर येतो, त्या शून्यावर ती विझते.

जमिनीत जाणाऱ्या प्रवाहासाठी वेगळा डायल असतो. तिन्ही फेज आणि न्यूट्रल यांच्या प्रवाहांची बेरीज शून्य हवी. नसेल, तर उरलेला प्रवाह कुठून तरी जमिनीत जातो आहे. पण शिक्षकांनी एक गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. हा डायल अगदी कमीत कमी म्हणजे ०.२ वर ठेवला, तरी १,६०० च्या ब्रेकरवर तो ३२० अँपिअर होतो. माणसाला वाचवायला ३० मिलिअँपिअरला पडणारे वेगळे साधन लागते. हा डायल यंत्रसामग्री वाचवतो, माणसाला बसणारा झटका नाही.

आता गिरणीकडे परत जाऊ. मुख्य ब्रेकरचा तात्काळ डायल बसवल्या दिवसापासून २ या खुणेवरच होता, म्हणजे ३,२०० अँपिअरवर. पंख्याजवळच्या दोषाचा प्रवाह इंजिनिअरांच्या हिशेबाने ९,००० च्या आसपास होता. मग दोन्ही ब्रेकर एकदमच पडणार, यात नवल ते काय?

आणि वायरमनमामांनी म्हटल्याप्रमाणे सगळे कमाल ठेवले असते तर? दीर्घकालीन मर्यादा १,६०० अँपिअर झाली असती. रोहित्र त्याच्या क्षमतेच्या १.२ पट प्रवाह वाहत राहिले असते आणि त्याच्या तारांत १.४४ पट उष्णता निर्माण झाली असती. आवरणाचे तापमान दर १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्म्यावर येते, असा ढोबळ नियम आहे. पण ही झाली सावकाश होणारी हानी. खरी भीती दुसरी होती, आणि ती इंजिनिअरांनी आम्हाला पॅनेलच्या मागच्या भिंतीवर खडूने गणित मांडून दाखवली.

त्या रोहित्राचा प्रतिबाध ५ टक्के आहे. पॅनेलमध्येच पट्टीला पट्टी भिडली, तर प्रवाह १,३३३ भागिले ०.०५, म्हणजे सुमारे २६,६०० अँपिअर. पण पॅनेलमध्ये पान्हा निसटून किंवा उंदीर शिरून जो दोष होतो, त्यात धातू भिडून राहत नाहीत, मधे प्रज्योत पेटते. प्रज्योतीचा स्वतःचा रोध असल्याने प्रवाह कमी, समजा १०,००० अँपिअरच राहतो. कमाल खुणांवर तात्काळ मर्यादा २४,००० आणि अल्पकालीन १६,०००. दोन्हींना हा प्रवाह दिसणारच नाही! उरतो तो दीर्घकालीन डायल. त्याची कमाल खूण २४ सेकंद. १०,००० हे १,६०० च्या ६.२५ पट. ३६ × २४ ला ६.२५ च्या वर्गाने भागा. २२ सेकंद.

प्रज्योतीचे तापमान सूर्याच्या पृष्ठभागापेक्षाही जास्त होऊ शकते. तांबे वितळत नाही, त्याची वाफ होते आणि ती वाफ प्रचंड आकारमानाने बाहेर फेकली जाते. अशी प्रज्योत पॅनेलसमोर उभ्या असलेल्या माणसाच्या पुढ्यात २२ सेकंद! मुलांपैकी कोणी काही बोलले नाही. मामांनी पॅनेलसमोरच्या रबराच्या चटईकडे पाहिले. रोज ते तिथेच उभे राहत.

इंजिनिअरांनी मुख्य ब्रेकरवर आकडे असे लावले: दीर्घकालीन ०.८, अल्पकालीन पाचपट म्हणजे ६,४०० अँपिअर, थांबण्याचा काळ ०.२ सेकंद, तात्काळ मर्यादा १२ पट म्हणजे १९,२०० अँपिअर. आता पंख्याकडे ९,००० अँपिअरचा दोष झाला, तर ४०० चा ब्रेकर दोन-तीन शतांश सेकंदात पडतो आणि मुख्य ब्रेकर ०.२ सेकंद थांबूनही त्याला काही करावे लागत नाही. पॅनेलमध्ये प्रज्योत पेटली, तर मात्र ब्रेकर उघडायचा वेळ धरून ती पाव सेकंदाच्या आसपास विझते.

पाव सेकंदसुद्धा जवळ उभ्या माणसाला जास्तच आहे. म्हणून काही नव्या युनिटांवर दुरुस्तीच्या वेळी दाबायची कळ असते. ती दाबली की थांबण्याचा काळ तेवढ्यापुरता रद्द होतो. दुसरी सोय अशी, की खालचा ब्रेकर वरच्याला तारेने कळवतो, 'दोष मला दिसतो आहे, तू थांब.' असा निरोप आला नाही, तर वरचा न थांबता पडतो. गिरणीत ही तार टाकलेली नव्हती. इंजिनिअरांनी ती टाकायची नोंद वहीत केली.

शेवटी त्यांनी तपासणीची पेटी जोडून युनिटमध्ये खोटा छोटा प्रवाह सोडला आणि घड्याळ लावून प्रत्येक टप्पा पाहिला. यात कडे आणि मुख्य पट्ट्या तपासल्या जात नाहीत. त्यासाठी खरा मोठा प्रवाह सोडणारे यंत्र आणावे लागते. मग लावलेले आकडे एका कागदावर लिहून तो पॅनेलच्या दाराला आतून चिकटवला, तारीख घातली आणि डायलवरचे पारदर्शक झाकण लावून त्याला सील केले. मामांनी कागदाखाली सही केली.

तोवर पंख्याची तार बदलून झाली होती. ब्रेकर पडल्यावर युनिटवर कोणता दिवा लागला होता, हे मामांनी आधीच वहीत टिपून ठेवले होते. आता त्यांनी युनिट पूर्ववत करायची कळ दाबली, स्प्रिंग भरली आणि मुख्य ब्रेकर चढवला. पलीकडच्या खात्यात चात्यांचा घोंघाट पुन्हा चढू लागला.