मूठभर पार्सली

युरोपीय पद्धतीच्या जेवणाची बशी समोर येते तेव्हा तिच्या कडेला कुरळ्या पानांचा एक हिरवागार झुबका ठेवलेला असतो, आणि जेवण आटोपून बशी परत जाते तेव्हा बाकीचे सारे संपलेले असूनही तेवढा झुबका जसाच्या तसा राहिलेला असतो. त्याला हात लावायचा नाही असा मामूलच जणू पडून गेला आहे. ज्या वनस्पतीने भूमध्य समुद्राच्या काठच्या लोकांना शतकानुशतके रुचीबरोबर पोषणही पुरवले, तिला केवळ शोभेच्या कामावर नेमून ठेवावे हा मला तिच्यावरील अन्याय वाटतो. उलट, तिचा अर्क काढून, काढे उकळून, त्यांच्या बळावर शरीर आतून धुऊन निघेल अशी आशा धरणारा दुसरा पक्षही अलीकडे वाढत चालला आहे, आणि त्याचेही म्हणणे मला मान्य करता येत नाही. पार्सली हे अन्न आहे. तिचे गुण अंगी लागावयाचे असतील तर ती चिमूटभर नव्हे, मूठभर खाल्ली पाहिजे, ताजी खाल्ली पाहिजे, आणि ती ताजी मिळावी म्हणून शक्य तर आपल्या दारात लावली पाहिजे, एवढेच मला या लेखात सांगावयाचे आहे.

कुळाने ती आपल्याला अगदी परकी नाही. धने, जिरे, ओवा, बडीशेप, शेपू आणि गाजर ज्या कुळातले, त्याच छत्राकार फुलोऱ्याच्या कुळातली ही वनस्पती. शास्त्रीय नाव पेट्रोसेलिनम क्रिस्पम. मात्र याच कुळात हेमलॉक नावाचे ते विषारी झाडही मोडते, ज्याचा रस अथेन्सच्या न्यायसभेच्या निकालानुसार सॉक्रेटिसाला प्यावा लागला. आणि युरोपात रानोमाळ उगवणाऱ्या आणखी एका विषारी तणाची पाने सपाट पानांच्या पार्सलीशी इतकी मिळतीजुळती असतात की, तेथील बागाईतदारांनी कुरळ्या पानांची जात आवर्जून जोपासली, त्याचे एक कारण म्हणजे ती ओळखण्यात चूक होण्याचा संभव नसतो. सपाट पानांची जात चवीला अधिक उग्र व सुगंधी असून स्वयंपाकाला तीच उत्तम. कुरळी दिसावयास सुंदर, पण किंचित चामट. मध्य आणि पूर्व युरोपात तिसरीही एक जात पिकते. तिचे पांढरे, जाड मूळ भाजीप्रमाणे रश्शात घालतात.

अमेरिकेच्या कृषिखात्याने प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांत 100 ग्रॅम ताज्या पार्सलीत क जीवनसत्त्व सुमारे 133 मिलिग्रॅम, लोह सुमारे 6 मिलिग्रॅम, कॅल्शियम सुमारे 138 मिलिग्रॅम आणि के जीवनसत्त्व सुमारे 1640 मायक्रोग्रॅम असल्याचे नमूद आहे. त्याच कोष्टकांत कोथिंबिरीचे क जीवनसत्त्व 27 मिलिग्रॅम, लोह 2 मिलिग्रॅमहूनही थोडे कमी आणि के जीवनसत्त्व 310 मायक्रोग्रॅम आहे. हे आकडे पाहून हुरळून जाण्यापूर्वी एक साधा हिशेब मांडला पाहिजे. बशीच्या कडेचा झुबका फार तर दोन ग्रॅमांचा. तो कोणी खाल्लाच, तरी क जीवनसत्त्व तीन मिलिग्रॅमही मिळावयाचे नाही. तेच 30 ग्रॅम, म्हणजे चांगली मूठभर पाने, बारीक चिरून, लिंबू पिळून खाल्ली तर सुमारे 40 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व मिळते, आणि प्रौढ माणसाच्या दिवसाच्या गरजेपैकी निम्म्याच्या आसपास वाटा तेवढ्यानेच भरून निघतो. वनस्पतिजन्य लोह शरीरात सहजासहजी शोषले जात नाही. त्याला क जीवनसत्त्वाचे साहाय्य लागते, आणि पार्सलीत ही दोन्ही एकाच पानात नांदतात हा तिचा मोठाच गुण होय. परंतु क जीवनसत्त्व उष्णतेने नाश पावते, म्हणून ही पाने फार वेळ शिजवू नयेत. पदार्थ चुलीवरून उतरवल्यावर घालावीत.

यावरून कोथिंबिरीची हकालपट्टी करून तिच्या जागी पार्सली आणण्याची तजवीज कोणी करू नये. आमटीवर, भरल्या वांग्यांवर, पोह्यांवर जी कोथिंबीर शोभते तिचे काम पार्सलीला कदापि साधावयाचे नाही, कारण दोघींच्या गंधांचा स्वभावच निराळा. पार्सलीचा गंध निवळ, गवताळ, किंचित कडसर, आणि त्याचे सख्य लिंबाशी, लसणीशी व ऑलिव्हच्या तेलाशी. तिच्यासाठी निराळी जागा करावी, आणि ती कोठे करावी हे ज्यांनी तिला खऱ्या अर्थाने अन्न मानले त्या लोकांकडून शिकावे.

प्राचीन ग्रीकांनी तिला प्रथमतः अन्न मानले होते असे दिसत नाही. सेलिनॉन या एकाच नावाखाली त्यांच्याकडे सेलरी आणि पार्सली या दोन्ही वनस्पती येत, आणि त्या सेलिनॉनचे मुकुट नेमिआच्या व इस्थमसच्या क्रीडामहोत्सवांतील विजेत्यांना अर्पण केले जात. पण तीच पाने थडग्यांवरही वाहिली जात. त्यामुळे, प्लुटार्कने लिहून ठेवले आहे त्याप्रमाणे, कॉरिंथचा सेनापती टिमोलिऑन सिसिलीत कार्थेजच्या सैन्यावर चालून जात असता वाटेत सेलिनॉनने लादलेली खेचरे आडवी आली, तेव्हा त्याचे शिपाई अपशकुन समजून हादरून गेले. टिमोलिऑनने ती पाने उचलून स्वतःच्या मस्तकी धारण केली, इस्थमसच्या विजेत्यांचा मुकुट आपल्या हाती आपण होऊन चालत आला आहे असे सैन्याला समजावले, आणि पुढे ती लढाई जिंकली. रोमन लोकांच्या काळी मात्र ही पाने स्वयंपाकघरात पुरती रुळली. नंतर इ. स. 800 च्या सुमारास शार्लमेन बादशहाच्या कारकीर्दीत राजाच्या खासगीकडील जमिनींच्या व्यवस्थेविषयी जे फर्मान निघाले, त्याच्या सत्तराव्या कलमात बागांतून कोणकोणत्या वनस्पती लावाव्यात याचा जाबता दिलेला आहे आणि त्यात पार्सलीचे नाव आहे. बादशाही कारभारात धान्याच्या कोठारांबरोबर भाजीच्या वाफ्यांचीही दखल घेतली जावी, ही गोष्ट मला मोठी मनोज्ञ वाटते.

पण पार्सलीचा खरा मान पाहावयाचा तो लेबनॉनमध्ये. तेथील तबुले या पदार्थात ती बशीच्या कडेला नसते; सारी बशीच तिची असते. चार माणसांसाठी सपाट पानांची दीडदोनशे ग्रॅम पार्सली घेऊन, धुऊन, कापडावर पसरून ती पूर्ण कोरडी करतात आणि धारदार सुरीने अगदी बारीक चिरतात. ती वाटावयाची नाही, चेपावयाची नाही, कारण सुरी बोथट असली की पानांचा रस निघून सारा लगदा होतो. गहू उकडून, वाळवून, भरडून केलेला बुलगूर तिच्यात पडतो तो केवळ दोनतीन चमचे, आणि तोही पाण्यात न फुगवता टोमॅटोच्या व लिंबाच्या रसातच भिजू देतात. त्यानंतर थोडा पुदिना, कांद्याची पात, मीठ आणि ऑलिव्हचे तेल. लेबनॉनबाहेरच्या अनेक उपाहारगृहांत याचे प्रमाण नेमके उलटते, बुलगुराच्या ढिगावर पार्सलीचे ठिपके दिसतात, आणि तबुलेचा प्राणच नाहीसा होतो. इराणात कुकू सब्जी नावाच्या अंड्याच्या वडीत आणि घोर्मे सब्जी या कालवणात पार्सली अशीच जुडीजुडीने पडते. मिलानमध्ये ती लसूण आणि लिंबाच्या सालीच्या किसाबरोबर चिरून मांसाच्या रश्शावर शेवटी भुरभुरतात. आपल्या घरी तबुले करावयाचे तर ऑलिव्हच्या तेलावाचून अडू नये. शेंगदाण्याचे घाण्याचे तेल घातल्यास चव निराळी होते, पण वाईट होत नाही.

आता सावधगिरीच्या गोष्टी, ज्या आरोग्याच्या नावाने लिहिताना गाळणे मला गैर वाटते. कोपनहेगनच्या हेन्रिक डाम या शास्त्रज्ञाला स्निग्धांश काढून टाकलेल्या खाद्यावर वाढवलेल्या कोंबडीच्या पिलांत अकारण रक्तस्राव आढळला, आणि त्या शोधातून रक्त गोठण्यास आवश्यक असे के जीवनसत्त्व उजेडात आले. 1943 चे नोबेल पारितोषिक त्याबद्दल त्याला एडवर्ड डॉइझी यांच्याबरोबर विभागून मिळाले. मूठभर पार्सलीत हे जीवनसत्त्व दिवसाच्या गरजेच्या चौपटीहूनही अधिक भरते. निरोगी माणसाला त्याची भीती नाही. परंतु रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिनसारखे औषध ज्यांना चालू आहे, त्यांनी एके दिवशी जुडीभर खाणे आणि पुढे आठवडाभर मुळीच न खाणे, असे केल्यास औषधाचे माप बिघडते. त्यांनी डॉक्टरांना विचारूनच काय ते प्रमाण ठरवावे आणि त्यात सातत्य ठेवावे. ऑक्झलेटही या पानांत पुष्कळ असते, तेव्हा मुतखड्याची प्रवृत्ती असणाऱ्यांनी हात आखडता घ्यावा. आणि बियांच्या तेलापासून तर सर्वांनीच दूर राहावे: त्यातील अपिऑल हे द्रव्य एके काळी युरोपात गर्भपातासाठी चोरून घेतले जाई, आणि त्यापायी यकृत व मूत्रपिंडे निकामी होऊन अनेक स्त्रियांनी प्राण गमावले. गर्भवती स्त्रीने जेवणातल्या चार पानांना भिऊ नये, पण पार्सलीचे अर्क, बिया आणि पेलाभर रस निश्चयाने टाळावेत.

लागवडीचे म्हणाल तर ती अवघड नाही, परंतु धीराची आहे. पुणे-नाशिकच्या बाजूचे शेतकरी मोठ्या हॉटेलांसाठी ही पार्सली पिकवतातच; घरच्या कुंडीतही ती उत्तम येते. दसरा झाला, पावसाचा ओलावा ओसरला आणि रात्री गार होऊ लागल्या की बी पेरावे. ते बियाण्याच्या दुकानातूनच आणावे. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा अजमोदा ही निराळी वनस्पती आहे. बी वर्षापेक्षा फार जुने नसावे. रात्रभर कोमट पाण्यात भिजवून, ते पाणी टाकून, अर्धा सेंटिमीटर खोलीवर बी टाकावे आणि वरून बारीक खत-मातीचा हात फिरवावा. नंतर तीन आठवडे, कधी कधी चार आठवडेही, काहीच दिसत नाही. याचे कारण असे की या बियांतील गर्भ पेरतेवेळी अगदी इवलासा व अपक्व असतो. तो बीजाच्या आतच आधी वाढतो आणि मगच अंकुर बाहेर पडतो, शिवाय बीजाच्या आवरणातील काही द्रव्ये अंकुरणाला अडथळा करतात. इंग्लंडच्या खेडुतांनी या विलंबाचा असा अर्थ लावला होता की, पार्सलीचे बी सैतानाकडे अनेक खेपा घालून आल्यावाचून उगवत नाही, आणि म्हणून ते गुड फ्रायडेच्या पवित्र दिवशी पेरावे. आपण तेवढे दिवस माती सुकू देऊ नये म्हणजे झाले. कुंडीवर ओले गोणपाट घालावे आणि पहिला हिरवा ठिपका दिसताच ते काढावे. वाफ्यात पेरणाऱ्यांनी ओळीत अधूनमधून मुळ्याचे दाणे टाकावेत. मुळा चारपाच दिवसांत उगवतो, ओळ कोठे आहे ते कळते, आणि खुरपणीत पार्सलीचे कोवळे अंकुर उपटले जात नाहीत.

तिचे मूळ गाजरासारखे सरळ खोल जाते, म्हणून कुंडी वीतभर तरी खोल हवी, तळाला पाणी निचरण्यास भोके हवीत, आणि रोपे मोठी झाल्यावर ती हलवू नयेत. माती, कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू हे मिश्रण तिला मानवते. विरळणी करून दोन रोपांत वीतभर अंतर ठेवावे. थंडीत भरपूर ऊन द्यावे, पण फाल्गुन संपता संपता दुपारची सावली करावी. मावा पडला तर पाण्याच्या जोरकस फवाऱ्याने पाने धुवावीत, न हटल्यास निंबोळी अर्क वापरावा. खाण्याच्या पानांवर याहून जहाल काही मारू नये.

पेरल्यापासून अडीच-तीन महिन्यांनी पहिली काढणी होते. शेंडे खुडू नयेत; बाहेरचे जुने देठ बुडापासून कापावेत आणि मधला कोवळा गाभा राखावा, म्हणजे तो नवी पाने देत राहतो. ताजी जुडी पेलाभर पाण्यात देठ बुडवून, वर ओलसर फडके टाकून थंड जागी आठवडाभर टिकते. वाळवलेल्या पार्सलीत गंध जवळजवळ उरत नाही, तेव्हा जास्त झाली तर चिरून बर्फाच्या साच्यात थोड्या पाण्याबरोबर गोठवावी आणि सारात, रश्शात तशीच सोडावी.

वनस्पती द्विवार्षिक आहे. थंड देशांत हिवाळा सोसून दुसऱ्या वर्षी तिला फुलोरा येतो आणि बी धरते. देशावरच्या सौम्य थंडीत तो फुलोरा पुष्कळदा येतच नाही, आणि आलेली झाडे वैशाखाच्या उन्हात थकतात व आषाढाच्या पाण्यात मुळाशी कुजतात. तेव्हा ज्येष्ठ उजाडण्यापूर्वी उरलेली पाने कापून गोठवून ठेवावीत, कुंडी रिकामी करून माती उन्हात तापू द्यावी, आणि नव्या बियाण्याची पुडी नवरात्राच्या आत आणून ठेवावी.