नकाशावरची शेहेचाळीस राज्ये

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे अमेरिकेचा एक मोठा नकाशा टांगलेला आहे. १९७६ साली, म्हणजे या देशाच्या द्विशताब्दीच्या वर्षी, आम्ही तो घेतला. त्यानंतर दोनदा घर बदलले, तीनदा रंग दिला, पण नकाशा तिथेच. पाहिलेले राज्य रंगवायचे काम कन्येकडे. नियम मात्र कडक होता. ज्या राज्यात एक वेळ जेवलो आणि एक रात्र झोपलो, तेच राज्य रंगवायचे. विमानतळावर विमान बदलले म्हणजे राज्य पाहिले असे होत नाही. या हिशेबाने आज ५० पैकी ४६ राज्ये रंगलेली आहेत. अलास्का, हवाई, आर्कान्सा आणि नॉर्थ डाकोटा कोरी आहेत.

गेल्या उन्हाळ्यात मंडळाच्या सहलीत नव्याने आलेल्या एका जोडप्याने विचारले, "काका, तुम्ही एवढी राज्ये पाहिलीत. राहायला सगळ्यांत चांगले कोणते?" आम्ही काहीतरी हसून उत्तर दिले आणि बटाटेवड्यांकडे वळलो. पण प्रश्न मनात राहिला, कारण तोच प्रश्न त्या दिवसांत आमच्याही घरात चालू होता. डॉक्टरांनी काचबिंदूचे निदान करून रात्रीची गाडी बंद केली होती, आणि कन्या मिनिआपोलिसहून दर रविवारी फोनवर सांगत होती, "बाबा, आता ते घर काढा आणि इकडे या." पन्नास वर्षे ज्या राज्यात काढली ते सोडायचे की नाही, याचा निर्णय नकाशाकडे बघून होत नाही. तरीही आम्ही बघत होतो.

आमचे राज्य न्यू जर्सी. त्याची थट्टा सगळा देश करतो. मोटारीच्या पाटीवर 'गार्डन स्टेट' लिहिलेले, आणि पाहुण्याला न्यूअर्कहून बाहेर पडताना दिसतात त्या तेलाच्या टाक्या. पण एक सुख इथे आहे. पेट्रोल आपल्या हाताने भरावे लागत नाही. उलट १९४९ च्या कायद्याने भरायला बंदीच आहे. ऑरेगनमध्येही असाच कायदा होता, तो २०२३ साली सैल झाला. आता हा थाट एकट्या न्यू जर्सीत उरला आहे. हिवाळ्यात काच दोन बोटे खाली करून "फुल भर" म्हणताना आम्हाला अजूनही संस्थानिक झाल्यासारखे वाटते.

आमच्या घराजवळून जाणारा ८० क्रमांकाचा महामार्ग टीनेक गावी सुरू होतो आणि ११ राज्यांतून जवळजवळ २,९०० मैल जाऊन सॅन फ्रान्सिस्कोला संपतो. आमची बहुतेक राज्ये या रस्त्यानेच रंगली. त्यातला १९८२ चा प्रवास सांगण्यासारखा आहे.

त्या वर्षी वाईहून आई आली होती. वडील जाऊन वर्ष झाले होते. तिने आता कायमचे इथेच राहावे अशी आमची इच्छा, आणि ती काहीच बोलत नव्हती. तेव्हा आम्ही ठरवले की हिला हा देश दाखवू या. न्यू जर्सीतल्या आमच्या दोन खोल्यांवरून ती अमेरिकेची परीक्षा करते आहे. एकदा यलोस्टोन पाहिले की मन रमेल. जुनी स्टेशनवॅगन, मागे कन्या आणि आई, पुढे आम्ही दोघे. सौ.ने दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, चिवडा आणि विजेचा कुकर बरोबर घेतला. त्या काळी रस्त्यावरच्या हॉटेलात "आम्ही मांस खात नाही" म्हटले की वाढणारी बाई काळजीने "मग चिकन देऊ का?" असे विचारी. मोटेलच्या खोलीत खिडकी उघडून खिचडी लावायची, आणि शिट्टीविना भात कळायचा कसा यावर आईची टीका ऐकायची. ओहायोत संध्याकाळी मोटेलच्या कचेरीत किल्ली घ्यायला गेलो, तर मागच्या दारातून हिंग-मोहरीच्या फोडणीचा वास! मालक सुरत जिल्ह्यातले. त्यांनी आईला "बा, जमीने जजो" म्हणून आत नेले. आज या देशातली निम्म्याहून जास्त हॉटेले-मोटेले भारतीय वंशाच्या, बहुतांशी गुजराती, लोकांच्या हाती आहेत. तेव्हा मात्र तो योगायोग वाटला होता.

इंडियाना आणि इलिनॉय यांच्याविषयी आम्हाला फारसे काही आठवत नाही. त्या राज्यांतील वाचकांनी रागावू नये. ताशी ५५ मैलांची मर्यादा देशभर होती; १९७४ साली तेल वाचवण्यासाठी आणलेली ती मर्यादा गावाबाहेरच्या महामार्गांवर १९८७ पर्यंत कोणी उठवली नाही. त्या वेगाने आयोवा ओलांडायचे म्हणजे एका मक्याच्या शेतातून दिवसभर जायचे. आई बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "अरे, एवढं पीक उभं आहे, आणि माणूस एकही नाही. राखण कोण करतं?"

आम्ही रस्त्याकडेला थांबून शेतकऱ्याला विचारून दोन कणसे घेतली, ती भाजायची खूप खटपट केली आणि दात दुखवून घेतले. तो मका जनावरांच्या खाण्याचा; माणसांच्या खाण्याचा गोड मका वेगळा आणि त्या मानाने थोडा. आता तर त्या शेतांतला पुष्कळसा मका मोटारींसाठी इथेनॉल करण्यात जातो. आईला हे सांगायला हवे होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी नेब्रास्कात, कर्नीच्या पश्चिमेला, गाडीतून वाफ निघाली आणि गाडी थांबली. पाण्याचा पंप गेला होता. बाहेर शंभर अंश ऊन. डाव्या हाताला प्लॅट नदी असावी असे झाडांच्या रांगेवरून वाटत होते. याच नदीच्या काठाने एकोणिसाव्या शतकात हजारो कुटुंबे बैलगाड्यांतून ऑरेगनकडे गेली, हे आम्ही वाचले होते. पण त्या वेळी ते काही उपयोगी पडेना. अर्ध्या तासाने एक पिकअप थांबला. आतला शेतकरी उतरला, बॉनेटखाली पाहिले, आईच्या नऊवारीकडे पाहिले, आणि म्हणाला की सुटा भाग उद्याच मिळेल, रात्री आमच्याकडे चला.

कुटुंब मूळ स्वीडनचे. १८६२ च्या कायद्याप्रमाणे सरकार १६० एकर जमीन कसणाऱ्याला देत असे, तशी त्यांच्या पणजोबांना मिळालेली. घरात शेतकरी, त्याची बायको, तीन मुले आणि त्याची म्हातारी आई. गोमांसासाठी प्रसिद्ध असलेले राज्य, आणि आमच्यासारखे पाहुणे! त्या बाईने एक शब्द न बोलता उकडलेले बटाटे, घेवडा, मका आणि टोमॅटो एवढेच सगळ्यांच्या पानात वाढले. घरच्या मंडळींनीही त्या रात्री तेच खाल्ले.

जेवणाआधी म्हातारी मागच्या ओसरीवर मटार सोलत बसली होती. आमची आई आपण होऊन तिच्याजवळ गेली, खाली बसली आणि सोलू लागली. दोघींना एकमेकींचे एक अक्षर कळत नव्हते. टोपली संपली तेव्हा म्हातारीने आत जाऊन दुसरी आणली. सौ.ला वाटले होते आईंची पंचाईत झाली असेल, म्हणून ती बोलवायला गेली, तर आईने हातानेच "थांब" म्हटले.

रात्री शेतकऱ्याने सहज सांगितले की ऑक्टोबरात त्याची आई गावातल्या वृद्धनिवासात राहायला जाणार आहे. कोणी घालवत नव्हते. तिने स्वतःच ठरवले होते. तिथून चर्च, टपाल कचेरी आणि बहीण, तिन्ही चालण्याच्या अंतरावर. शेतावर हिवाळ्यात चार-चार दिवस माणूस दिसत नाही. आम्ही हे आईला मराठीत सांगितले. आईने एवढेच विचारले, "तिला मुलगा आहे ना?" मग थोड्या वेळाने स्वतःशीच म्हणाली, "बरोबर केलं तिनं."

दुसऱ्या दिवशी गाडी सुरू झाली. त्या गृहस्थाने पैसे घेतले नाहीत. पुढे कित्येक वर्षे नाताळात कार्डे येत-जात राहिली. १९८६ च्या कार्डात अर्धी जमीन विकल्याचे दोन ओळींत लिहिले होते. त्या दशकात कर्जाच्या व्याजाने आणि पडलेल्या भावाने मध्य-पश्चिमेतल्या हजारो शेतकऱ्यांचे असेच झाले. त्या पत्राला काय उत्तर लिहावे हे आम्हाला सुचेना, आणि ते लिहायला उशीर झाला, याची रुखरुख अजून आहे.

वायोमिंगमध्ये हा महामार्ग ८,६४० फुटांवर चढतो. आपले कळसूबाई ५,४०० फूट, आणि इथे त्याच्या कितीतरी वरून मालमोटारी धावतात! यलोस्टोनला 'ओल्ड फेथफुल'चा फवारा उडाला तेव्हा भोवतालच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, आईने नमस्कार केला. "वज्रेश्वरीला कुंडं आहेत, पण असं उसळत नाही," एवढे तिने मान्य केले. आम्हाला वाटले, जिंकलो. त्याच संध्याकाळी बाकावर बसून ती म्हणाली, "अरे, तुमचा देश फार सुंदर आहे. पण इथे चालत कुठे जाता येत नाही. मला तिकीट काढून दे." वाईला सकाळी उठून घाटावर जायचे, ढोल्या गणपतीपुढे दोन मिनिटे टेकायचे, येताना भाजी आणायची, यासाठी तिला कोणाला किल्ली मागावी लागत नव्हती. आम्ही वाद घातला, सौ. रडली. नोव्हेंबरात आई परत गेली आणि पुढची नऊ वर्षे चालत राहिली.

यलोस्टोनला आम्ही नंतर दोनदा गेलो. १९८८ च्या वणव्यात त्या उद्यानाचा तिसरा हिस्सा होरपळला. पुढच्याच वर्षी गेलो तर डोंगरच्या डोंगर काळ्या काड्या उभ्या केल्यासारखे. तिथल्या लॉजपोल पाइनची काही फळे राळेने घट्ट बंद असतात आणि आगीच्या उष्णतेनेच उघडून बी सांडतात, हे तिथल्या रेंजरने सांगितले तेव्हा खरे वाटले नाही. २०१५ साली गेलो तेव्हा त्याच डोंगरांवर डोक्याच्या कितीतरी वर गेलेली दाट झाडी होती.

दक्षिणेची राज्ये आम्ही उशिरा रंगवली, कारण मनात भीती होती. एका राज्यात (नाव घेत नाही) बाहेर 'जागा आहे' अशी पाटी लुकलुकत असताना आम्हाला पाहून जागा नसल्याचे सांगण्यात आले होते. १९९९ साली अटलांटाला गेलो. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या स्मारकाच्या आवारात गांधीजींचा पुतळा उभा आहे, तो आदल्याच वर्षी बसवलेला. किंग १९५९ साली भारतात जाऊन आले होते. तिथून मॉंटगोमेरीला गेलो, जिथे १९५५ साली रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा सोडायला नकार दिला. आम्ही १९७४ साली पदवीचा कागद घेऊन विमानातून उतरलो, ते १९६५ च्या नव्या कायद्यामुळे. तो कायदा ज्या चळवळीच्या वाऱ्यावर झाला ती चळवळ या रस्त्यांवर चाललेली. पंचवीस वर्षे आम्ही समजत होतो की आम्ही केवळ आमच्या हुशारीने आलो.

आणि न्यूयॉर्क राज्य. तिथे शंभरदा गेलो असू, पण पोकिप्सीला गेलो ते २०१९ साली, आनंदीबाई जोशांवरचा चित्रपट पाहिल्यावर. १८८३ मध्ये त्या बोटीने आल्या आणि रोझेल गावी कार्पेंटर बाईंच्या घरी राहिल्या. हे रोझेल न्यू जर्सीत, आमच्या घरापासून पाऊण तासावर, आणि आम्हाला पत्ता नाही! फिलाडेल्फियाला १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या, १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात वारल्या. बावीस वर्षेही पुरी नव्हती. त्यांच्या अस्थी कार्पेंटर बाईंकडे पाठवल्या गेल्या आणि पोकिप्सीच्या दफनभूमीत त्यांच्या कुटुंबाच्या जागेत पुरल्या. दगड साधा आहे. सौ.ने घरून आणलेली शेवंती ठेवली. परतीच्या वाटेवर ती एवढेच म्हणाली की आईंना हे दाखवायला हवे होते.

आता कन्येच्या मिनेसोटाविषयी. पाटीवर 'दहा हजार सरोवरे' लिहिलेले. खरी संख्या त्याहून जास्त आहे, म्हणजे पाटीवर कमी सांगणारे हे एक सज्जन राज्य. थंडी मात्र अशी की जानेवारीत सरोवरावर गाड्या उभ्या करून लोक बर्फाला भोक पाडून मासे धरतात. मिनिआपोलिसच्या मध्यवस्तीत एका इमारतीतून दुसरीत जायला काचेचे बंद पूल आहेत, त्यामुळे मैल-मैल कोट न घालता चालता येते.

ऑक्टोबरात आम्ही पंधरा दिवस राहून आलो. सौ.ने जाण्यापूर्वी फोनवर कन्येला एकच प्रश्न विचारला होता, आणि तो घराच्या किमतीचा किंवा दवाखान्याचा नव्हता. गेल्यावर आम्ही घड्याळ लावून पाहिले. वाचनालय बारा मिनिटे, किराणा दुकान वीस, सरोवराची कड नऊ. बर्फात किती, ते जानेवारीत जाऊन मोजायचे ठरले आहे. देऊळ मात्र मेपल ग्रोव्हला, मोटारीशिवाय नाही. घर अजून विकलेले नाही. नकाशाही काढलेला नाही. खिळ्याखालची भिंत कशी असेल या भीतीनेच बहुधा.

नॉर्थ डाकोटातले फार्गो कन्येच्या घरापासून साडेतीन तासांवर आहे. पुष्कळ लोक हे राज्य शेवटाला ठेवतात, म्हणून पन्नासावे राज्य म्हणून येणाऱ्याला तिथल्या पर्यटन केंद्रात प्रमाणपत्र आणि टी-शर्ट देतात. आमचे ते पन्नासावे नव्हे, सत्तेचाळीसावे होईल. तेव्हा टी-शर्ट मिळणार नाही, असे कन्येने आधीच बजावले आहे. गाडी ती चालवणार आहे. दशम्या आम्ही करणार.