आठवड्यातून एकदाची गोळी

परवा दवाखान्यात एक आजी आल्या. तोंडभर फोड, घोटभर पाणीही गिळवेना. सोबत सून, पाचवा महिना चाललेला. आजींना सांधे सुजणारा संधिवात. पिशवीतून निघाली मेथोट्रेक्सेट. तज्ज्ञांनी ती आठवड्यातून एकदा लिहिली होती आणि इतर दिवशी फॉलिक ॲसिड. दोन्ही गोळ्या पिवळ्या. अदलाबदल झाली आणि आजी मेथोट्रेक्सेट नऊ दिवस रोज घेत राहिल्या.

"गिळता येत नाही म्हणून मीच खलबत्त्यात कुटून मधातून देते," सून म्हणाली. मला दुप्पट काळजी लागली.

हे औषध मुळात कर्करोगावरचे. संधिवाताला ते अगदी थोड्या मात्रेत देतात आणि गुणही चांगला येतो, म्हणून घाबरून बंद करू नये. पण ते पेशींची वाढ रोखते. तोंडाचे अस्तर, हाडांतला रक्त तयार करणारा मगज आणि पोटातले बाळ, या ठिकाणी पेशी भराभर वाढतात. फटका तिथेच बसतो. कुटलेल्या गोळीची भुकटी श्वासातून किंवा हातावरून दुसऱ्याच्या शरीरात जाऊ शकते.

आजींना त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात पाठवले. पांढऱ्या पेशी फार उतरल्या होत्या. उताऱ्याची इंजेक्शने मिळाली, त्या सावरल्या. सुनेला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे धाडले.

तेव्हा गोळीचा वार चिठ्ठीवर आणि पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या. 'सोमवार' म्हणजे सोमवारच. गोळी तोडू नका, कुटू नका. गिळता येत नसेल तर डॉक्टरांना सांगा. गरोदर किंवा मूल हवे असलेल्या बाईने तिला हात लावू नये. इतरांनीही हाताळल्यावर हात धुवावेत. रुग्णाची उलटी पुसताना हातमोजे घालावेत.

उरलेल्या गोळ्यांचे काय? आजींच्या शेजारणीने "माझेही गुडघे दुखतात" म्हणून अर्धी पट्टी मागून ठेवली होती! ती मी परत मागवली. अशा गोळ्या मोरीत, उकिरड्यावर टाकू नयेत, चुलीत तर मुळीच नाही. 2016 च्या जैव-वैद्यकीय कचरा नियमांनुसार या जातीची औषधे 1200 अंशांहून अधिक तापमानात जाळावी लागतात. चुलीत ते साधत नाही, धूर मात्र घरभर होतो. पट्टीतून न काढता झाकणाच्या डबीत घाला, वर 'विषारी' लिहा, मुलांपासून दूर ठेवा आणि पुढच्या तपासणीला येताना डॉक्टरांकडे आणा. दवाखान्याच्या पिवळ्या पिशवीचा कचरा न्यायला गाडी येते, त्यात ती जाईल.