कच्ची कालवे खावीत का?

गेल्या आठवड्यात एक गृहस्थ दवाखान्यात आले. मुलगा फ्रान्समध्ये नोकरीला. त्याच्यासोबत ते आर्काशों या समुद्रकाठच्या गावी जाणार आहेत. "डॉक्टर, तिथे कालवे कच्चीच खातात म्हणे. चालेल का?"

खातात खरी. तिथल्या साध्या खानावळीतही बर्फावर उघडलेली कालवे, लिंबाची फोड आणि पाव-लोणी असे ताट येते. आपल्या कोकणात ती शिजवतात, तिथे जवळजवळ जिवंतच गिळतात!

कालव अन्नासाठी समुद्राचे पाणी सतत गाळत असते. त्यात सांडपाणी मिसळले की विषाणू त्याच्या अंगात साठतात. डिसेंबर २०२३ मध्ये याच आर्काशोंच्या खाडीतली कालवे खाऊन ऐन नाताळात लोकांना उलट्या-जुलाब झाले. कारण नोरोव्हायरस. सरकारने जानेवारीपर्यंत विक्री बंद ठेवली. असे कालव वासावरून वा चवीवरून ओळखता येत नाही, आणि लिंबू पिळल्याने किंवा वाइनने विषाणू मरत नाही.

गृहस्थांना मधुमेह आहे, म्हणून मी साफ नाही म्हटले. यकृताचे रोगी, गरोदर स्त्रिया, लहान मुले व वृद्ध यांनीही कच्ची कालवे टाळावीत. त्यापेक्षा नीट शिजवलेले शिनाणे आणि तळलेले बटाटे मागवावेत. तेही तिथले आवडते खाणे.

त्रास झालाच तर तो बहुधा एक-दोन दिवसांत थांबतो. १ लिटर पाण्यात ६ चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून घोटघोट प्यावे. ग्लानी आली किंवा लघवी कमी झाली तर १५ नंबर फिरवावा. फ्रान्समध्ये तातडीच्या वैद्यकीय मदतीचा तोच नंबर आहे.