फारसी कवितेतलं जरथुष्ट्री जग, कोल्हापूरमार्गे मराठीत

सातव्या शतकात इराणात इस्लाम आला, तरी जुना जरथुष्ट्री वारसा फारसी साहित्यातून गेला नाही. फिर्दौसीने 'शाहनाम्या'त जरथुष्ट्राच्या उदयाचे आधीचा कवी दकीकी याचे सुमारे हजार बैत (द्विपदी) सामावून घेतले. हाफिजच्या गझलांत तर मद्यशाळेतला वृद्ध मग, म्हणजे अग्निपूजकच, गुरू ठरतो. धाडसच म्हणायचं! बाराव्या शतकात सुहरावर्दीने प्रकाश-अंधाराच्या प्राचीन इराणी कल्पनेतून तत्त्वज्ञान उभारलं. अवेस्ता या जरथुष्ट्री धर्मग्रंथातला सीमुर्ग पक्षी लघुचित्रांत उतरला.

हे जग मराठीतही पोचलं. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात फारसी शिकवणाऱ्या कवी माधव जूलियन यांनी उमर खय्यामच्या रुबाया १९२९ मध्ये थेट फारसीतून मराठीत आणल्या. खय्यामकडेही अवेस्ताकाळातला राजा जमशेद भेटतोच. 'द्राक्षकन्या' हा फिट्झजेराल्डच्या इंग्रजी अवतारावरून केलेला त्यांचा वेगळा अनुवाद. दोन्ही शेजारी ठेवून जरूर वाचा.