छत्र-चवरीचा मान गुरूला : नांदेडचे सचखंड हुजूर साहिब

नांदेडच्या जुन्या वस्तीतून जाताना सचखंड हुजूर साहिबचा सोनेरी घुमट दिसू लागतो. शीख धर्माच्या पाच तख्तांपैकी हे एक. दशम गुरू गोविंदसिंग १७०८ साली इथे ज्योतीत विलीन झाले. आजची वास्तू पंजाबच्या महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवून घेतली. नांदेड तेव्हा निजामाच्या राज्यात होते.

वास्तू बांधवून घेणाऱ्या रणजितसिंगांचा दरारा समजून घ्यायचा तर त्यांची चित्रे पाहावीत. देवीच्या आजारात त्यांचा डावा डोळा गेला, चेहऱ्यावर व्रण राहिले. म्हणून चित्रकार त्यांना बहुधा एका बाजूने रंगवत. भोवतीचे सरदार जरी-जवाहिराने मढलेले असत, महाराजांचा पोशाख मात्र अनेकदा साधाच. तरीही धनी कोण, हे लगेच कळते. मस्तकामागे प्रभावळ, वर छत्र, मागे चवरी ढाळणारा सेवक आणि इतरांपेक्षा उंच आसन, एवढ्यावर चित्रकार त्यांचे राजेपण उभे करतात.

हीच चिन्हे डोळ्यांत ठेवून सचखंडात पाऊल टाकावे. इथे चांदणी आहे ती गुरू ग्रंथसाहिबवर, चवरी ढाळली जाते तीही त्यांच्यावरच. आतल्या अंगीठा साहिब या गाभाऱ्यात मान आहे गुरूंच्या शस्त्रांचा. लाहोरचा धनी रणजितसिंग एवढी वास्तू उभारतो आणि राजचिन्हांचा मान गुरूकडेच राहू देतो. त्यांच्या कारभाराशी हे सुसंगतच होते. त्यांनी नाणी गुरूंच्या नावाने पाडली, राज्याला ‘सरकार-ए-खालसा’ म्हटले. अमृतसरचे हरमंदिर साहिब सोन्याने मढवले, तेव्हा तिथल्या लेखातही सेवेची संधी गुरूनेच दिल्याचा भाव कोरला गेला. ज्याच्या शब्दावर फौजा हलत, त्याने स्वतःला सेवक म्हणवून घेतले. माझ्या मते रणजितसिंगांचा खरा मोठेपणा यातच आहे.

लातूरहून अहमदपूर-लोहामार्गे नांदेड गाठता येते. अमृतसरहून थेट सचखंड एक्स्प्रेस येते. डोके झाकून, पाय धुऊन आत जावे. संध्याकाळची आरती चुकवू नये. दिवाळीच्या सुमारास तख्तस्नान असते. त्या वेळी गोदावरीचे पाणी आणून शस्त्रे धुतली जातात. दर्शनानंतर लंगरमध्ये पंगतीला बसावे. तिथे देणारा आणि घेणारा एकाच जमिनीवर, एकाच ओळीत जेवतात.