टाळू दुभंगते, दोष आईला

ओठ किंवा टाळू दुभंगलेलं बाळ जन्माला आलं की पहिली चौकशी आईची होते. ग्रहणात विळीवर बसली होतीस का? सुई-दोरा हातात घेतला होतास का? विदर्भात हे विचारतात, तसंच उत्तर भारतातही. बाळाला अंगावर ओढता येत नाही, पाजलेलं दूध नाकातून बाहेर येतं, आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला त्यातच ही झडती द्यावी लागते. खरं उत्तर शास्त्राने गेल्या ऐंशी वर्षांत जमवलं. त्याचा मागोवा घेताना नागपूर आणि चंदीगड मला वगळता येत नाहीत.

डॉ. सी. बालकृष्णन यांनी पन्नासच्या दशकाच्या अखेरीस नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला. देशातल्या अगदी सुरुवातीच्या विभागांपैकी तो एक. पुढे ते चंदीगडला, १९६२ साली सुरू झालेल्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेत गेले. १९७५ साली त्यांनी दुभंगांची वर्गवारी प्रसिद्ध केली. नुसता ओठ दुभंगला तर गट १, नुसती टाळू असेल तर गट २, ओठापासून हिरडीतून टाळूपर्यंत भेग आरपार गेली असेल तर गट ३. डावी-उजवी बाजू दाखवायला एक अक्षर. गर्दीच्या ओपीडीत केसपेपरवर एवढं लिहिलं की पुढच्या सर्जनला सगळं कळतं. सर्जन आजही तिला ‘नागपूर वर्गीकरण’ म्हणतात.

यातला गट २ वेगळा काढला जातो, हे मला फार मोलाचं वाटतं. कारण आनुवंशिकीनेही रेघ तिथेच मारली आहे. डेन्मार्कच्या पॉल फोग-अँडरसन यांनी १९४२ साली रुग्णांची घराणी तपासून दाखवलं, की ओठ दुभंगलेल्यांच्या नात्यात, मग टाळू फाटलेली असो वा नसो, ओठाचाच दोष पुन्हा दिसतो. नुसती टाळू दुभंगलेल्यांच्या नात्यात टाळूचाच. म्हणजे वंशाच्या हिशेबात गट १ आणि ३ एकत्र, गट २ स्वतंत्र.

गर्भात घडतंही तसंच. वरचा ओठ सातव्या आठवड्याच्या सुमारास सांधला जातो. टाळूचं काम नंतरचं. तिचे दोन पडदे आधी जिभेच्या दोन्ही बाजूंनी खाली लोंबत वाढतात. मग जीभ खाली सरते, पडदे उचलून आडवे होतात, मध्यभागी एकमेकांना भिडतात आणि मधली पेशींची शिवण विरघळून सलग टाळू तयार होते. बाराव्या आठवड्यापर्यंत हे सगळं आटोपलेलं असतं. डोहाळजेवण होतं सातव्या महिन्यात. तेव्हाच्या ग्रहणाला टाळूत फाडण्यासारखं काही उरलेलंच नसतं!

उशीर झाला की काय होतं, हे पन्नासच्या दशकात माँट्रियलला क्लार्क फ्रेझर यांच्या उंदरांनी दाखवलं. गाभण माद्यांना कॉर्टिसोन दिलं. एका वाणाच्या जवळजवळ सगळ्या पिल्लांची टाळू दुभंगली, दुसऱ्या वाणात पाचातल्या एखाद्याची. औषध तेच, पण पहिल्या वाणाचे पडदे मुळातच उशिरा उचलले जात. जनुकं आणि भोवतालची परिस्थिती कशी हातात हात घालून चालते, याचा इतका स्वच्छ पुरावा माझ्या वाचनात दुसरा नाही. १९९५ साली टीजीएफ-बीटा-३ हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांची टाळू दुभंगलेली निघाली, ओठ मात्र शाबूत.

माणसातला मोठा टप्पा २००२ चा. खालच्या ओठावर दोन बारीक खळगे आणि सोबत दुभंग, असा व्हॅन डर वूड सिंड्रोम काही घराण्यांत चालत येतो. एका जुळ्या जोडीत, हुबेहूब एकसारख्या भावंडांपैकी एकालाच तो होता. दोघांचा डीएनए ताडून पाहिला, तेव्हा त्या एकाच्या आयआरएफ-६ या जनुकात बिघाड सापडला. या घराण्यांत ओठाचा आणि टाळूचा दोष एकत्र नांदतो, म्हणजे फोग-अँडरसनची रेघ इथे पुसली जाते. म्हणून जाणता डॉक्टर बाळाइतक्याच बारकाईने आई-बापाचा खालचा ओठ पाहतो, टॉर्च लावून त्यांची पडजीभ दुभंगलेली नाही ना, हेही बघतो. नुसते खळगे असलेल्या बापाकडूनही प्रत्येक अपत्याला हा बिघाड मिळण्याची शक्यता निम्मी असते.

२०१० च्या मोठ्या अभ्यासात आठव्या गुणसूत्राचा एक भाग युरोपीय कुटुंबांत ठळक दिसला, तर आशियाई कुटुंबांत एमएएफबीसारखी वेगळी जनुकं पुढे आली. बाहेरचा नकाशा आपल्याला जसाच्या तसा लागू पडत नाही. त्यामुळे नागपूर असो की चंदीगड, केसपेपरवर गटाच्या आकड्याशेजारी तीन पिढ्यांची वंशावळही असायला हवी, आणि ती आईकडची-बापाकडची दोन्ही. पहिल्या मुलाला दुभंग असेल आणि घराण्यात दुसरं कुणी नसेल, तर पुढच्या बाळाला तो होण्याची शक्यता शंभरात साधारण तीन ते पाच. हा आकडा सासूसमोर, नवऱ्यासमोर, त्या बाईला बसवून सांगितला गेला पाहिजे.